कपाटावरची गिटार

महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच-सहा म्हातारे नांदेडात एका मित्राच्या घरी जमतो आणि जुन्या तबकड्या ऐकतो. म्हातारे हा शब्द मुद्दाम वापरला, कारण आमच्यातला सर्वांत धाकटा गेल्या वर्षी साठीचा झाला. चहा, चिवडा आणि तबकडी कोणत्या फडक्याने पुसावी यावरून होणारी जुनीच भांडणे, असा कार्यक्रम दुपारी बारापर्यंत चालतो. आमची आवड जरा आडवळणाची आहे. गाण्यांच्या तबकड्या पुष्कळ जण जमवतात. आम्ही गिटारवर वाजवलेल्या गाण्यांच्या तबकड्या जमवतो. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, बटुक नंदी. ही नावे वाचून ज्यांच्या कानात काहीतरी वाजले त्यांना फार सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या कानात काहीच वाजले नाही त्यांच्याविषयीच खरे तर हा लेख आहे.

आमची बैठक दर वेळी एकाच वाक्याने संपते. "आपल्यामागं हे कोण ऐकणार?" ज्याच्या घरी जमतो त्याच्याकडे चारेकशे तबकड्या आहेत. मुलगा बंगळुरूला असतो. त्याला विचारले तर तो म्हणाला, "बाबा, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा." हैदराबादचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी दोनदा येऊन वजन केल्यासारखे बघून गेला. मग कोणीतरी आजच्या पोरांवर घसरतो, त्यांच्या कानातल्या बोंडांवर, मोबाईलवर, अर्ध्या मिनिटाच्या रीळवर बोलतो आणि आम्ही सगळे माना डोलावून आपापल्या घरी जेवायला जातो. मीही इतकी वर्षे डोलावत आलो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र माझी मान तितक्या सहजपणे हलत नाही. त्याचे कारण आमच्या वरच्या मजल्यावर राहते. पण त्याआधी या संगीताविषयी थोडे सांगितले पाहिजे.

साठ ते ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या माणसाने हे संगीत ठरवून ऐकले असे फारसे घडले नाही. ते आपोआप कानावर पडे. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. तिच्यावर एखादा कार्यक्रम दोन मिनिटे आधी संपला की उरलेली जागा गिटार नाही तर ॲकॉर्डियन भरून काढी. रेडिओ सिलोनवर सकाळी वाद्यसंगीत लागे. सिनेमागृहात पडदा सरकण्याआधी, दूरदर्शनवर 'व्यत्यय'ची पाटी आली की, लग्नाच्या मांडवात पंगत बसली की, डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लागण्याची वाट बघताना, हेच सूर. या पाहुण्याला कोणी पाहुणा समजले नाही, त्यामुळे तो कधी उठून गेला हेही कोणाच्या लक्षात आले नाही.

ही गिटार म्हणजे आज महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये पोरे गळ्यात अडकवतात ती नव्हे. ही हवाईयन गिटार. ती मांडीवर आडवी ठेवतात. तारा पडद्यांपासून चांगल्या वर उचललेल्या असतात, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात पोलादाची एक गुळगुळीत कांडी, जिला वाजवणारे 'बार' म्हणतात. हा बार तारेवर दाबायचा नाही, नुसता टेकवून सरकवायचा. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने ही रीत रूढ केली असे मानतात. रेल्वेच्या रुळाशेजारी सापडलेला बोल्ट त्याने सहज तारांवरून फिरवला, अशी दंतकथाही त्याच्या नावावर आहे. भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या माणसाने होनोलुलूत त्याच्याही आधी हे केले होते, असा दुसरा एक दावा आहे. तो खरा असेल तर नवल नाही. आपल्याकडे विचित्र वीणा आणि दक्षिणेतले गोट्टुवाद्यम हे याच कुळातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो आणि त्यांचे कुटुंब हे हवाईयन संगीत वाजवणारे कलावंत कलकत्त्यात राहिले, आणि त्या शहराने हे वाद्य असे उचलले की पुढे बंगाली घरांत हार्मोनियमशेजारी हवाईयन गिटार टेकवलेली असणे ही साधी गोष्ट झाली. लखनौचे व्हॅन शिप्ली मुंबईला आले, त्यांनी स्वतःसाठी आठ तारांची विजेवरची गिटार बनवून घेतली आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या ॲकॉर्डियनच्या साथीने गावोगाव कार्यक्रम केले.

या परदेशी वाद्याने आपले मन इतक्या चटकन का जिंकले, याचे उत्तर त्या पोलादी कांडीत आहे. साध्या गिटारीत सूर पायऱ्या चढतो. इथे तो उतारावरून घरंगळतो. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जी वाट लागते, जिला मींड म्हणतात, ती या वाद्यात जन्मतःच आहे. लताबाईंच्या गाण्यातला एखाद्या शब्दाच्या शेवटी सुराला येणारा किंचित कंप त्यात पकडता येतो. म्हणून तर ही गिटार गाणे 'वाजवत' नाही, 'म्हणते', असे लोक म्हणत. आपल्याकडे हीच गोष्ट प्रभाकर जोगांनी व्हायोलिनवर केली. 'गाणारे व्हायोलिन' हे नाव त्यांना शोभले, कारण त्यांच्या गजातून भावगीतांचे शब्द अक्षरशः उच्चारल्यासारखे येत. जोग २०२१ मध्ये गेले.

मी हे वाद्य शिकलो पूर्णेला. माझे वडील रेल्वेत कारकून होते. तेव्हा पूर्णा हे मीटरगेजचे मोठे जंक्शन, लोको शेड, रेल्वे कॉलनी आणि त्या कॉलनीत सिकंदराबादकडून बदलून आलेली नाना प्रकारची माणसे. त्यांतले एक गार्डसाहेब संध्याकाळी ड्युटी नसली की व्हरांड्यात गिटार घेऊन बसत. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १९७४ मध्ये, मी पूर्णेहून पॅसेंजरने नांदेडच्या पीपल्स कॉलेजला जाऊ लागलो. परतीच्या गाडीत कधी तेच गार्ड असत. एकदा धीर करून म्हटले, मला शिकवाल का. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, बैल घेताना दात बघतात तसे, आणि म्हणाले, "इतवार को आव."

पहिले दोन महिने त्यांनी मला गिटारला हात लावू दिला नाही. रविवारी जायचे आणि गायचे. माझा आवाज फाटका. कॉलनीतल्या बायका दारे लावून घेत. पण त्यांचा हट्ट एकच, "पहले गाव, बाद में बजाव." शब्द जिथे संपतो तिथे बार उचलायचा, गायिका जिथे श्वास घेते तिथे तार थांबली पाहिजे, जोडाक्षर आले तर नखी जरा ठसक्यात मारायची. ही त्यांची व्याकरणे. त्यांच्याकडे स्वरलिपी नव्हती, पुस्तक नव्हते. एक साधी गिटार होती, तिच्या मानेशी तारांखाली लोखंडाची उंच पट्टी सरकवली की तिची हवाईयन होई. त्यांनी मला दिलेला बार लोको शेडमधल्या लेथवर घासून केलेला होता. केकुकूच्या बोल्टची गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचली आणि मला गार्डसाहेबांच्या व्हरांड्याची आठवण झाली.

दोन वर्षांत मला वीसेक गाणी येऊ लागली. मग त्यांची बदली झाली, मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये लागलो, आणि पहिल्या वर्षीच्या पगारातून सिकंदराबादहून कलकत्ता बनावटीची गिटार आणली. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा असे, त्यात दोन गाणी माझी ठरलेली. लोक टाळ्या वाजवत, पण मला खरी पावती वेगळीच वाटे. पहिली ओळ वाजली की समोरच्या बायकांचे ओठ हलू लागत. आवाज नाही, नुसते ओठ. शब्द मी वाजवत नव्हतो, ते तर माझ्याकडे नव्हतेच. ते त्या आपल्या घरून घेऊन आल्या होत्या.

आता वरच्या मजल्याकडे वळतो. निवृत्तीनंतर आम्ही वरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना देतो. नांदेड आणि लातूर ही आता शिकवणीची शहरे झाली आहेत. लातुरात तर एका अख्ख्या भागाला 'ट्यूशन एरिया' असेच नाव पडले आहे, आणि आमच्याकडे भाग्यनगर-श्यामनगरच्या रस्त्यांवर सकाळी सहाला पाठीवर दप्तरे घेतलेल्या मुलामुलींची जी रांग लागते, ती रात्री दहापर्यंत तुटत नाही. नीट या शब्दाचा आमच्या जिल्ह्यात एवढाच अर्थ उरला आहे. सध्या आमच्याकडे मुखेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा राहतो. वय सतरा, चेहरा कायम झोप न झालेला.

गेल्या जुलैत एके संध्याकाळी तो पाण्याची बाटली भरायला खाली आला. मी सुनील गांगुलींची तबकडी लावली होती. तो बाटली भरून झाली तरी उभाच.

"काका, हे काय वाजायलंय?"

"गिटार."

"गिटार? अशी रडल्यावानी?"

मी जरा दुखावलोच. पण तो पुढे म्हणाला, "ह्याची लिंक हाय का? अभ्यास करताना लावायला लई बरंय. शब्दच नाहीत की ह्यात."

शब्दच नाहीत! ते गाणे साठच्या दशकात पानटपरीपासून देवळापर्यंत वाजत होते. मी ते ऐकतो तेव्हा एकेक शब्द, त्या गाण्यातली नायिका, ते गाणे प्रथम ऐकले तेव्हा पूर्णेच्या स्टेशनवर होता तो कोळशाचा वास, सगळे ऐकतो. त्याला यातले काहीच ऐकू आले नव्हते. त्याने नुसते सूर ऐकले होते आणि तरीही तो बाटली हातात धरून उभा राहिला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात आले, की आमच्या बैठकीतल्या एकाने तरी हे संगीत असे, गाणे माहीत नसताना, कधी ऐकले आहे का?

या संगीताची सारी अडचण इथेच आहे. ते निम्मे तबकडीवर असते आणि निम्मे ऐकणाऱ्याच्या डोक्यात. गाणे विसरले गेले की डोक्यातले निम्मे गेले. मग उरलेल्या निम्म्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. ते राहील का? आमच्या बैठकीचे मत, नाही. माझेही तेच होते. पण बाहेरच्या जगात काय झाले ते पाहा. 'द शॅडोज' या इंग्रज वादकांनी १९६० मध्ये 'अपाची' नावाची गिटारची धून वाजवली. ती १९७३ मध्ये दुसऱ्या एका वाद्यवृंदाने ढोलांचा भरणा करून पुन्हा वाजवली, आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी त्या ढोलांच्या तुकड्यावर नाचत हिपहॉप नावाचे नवे संगीत उभे केले. डिक डेल यांनी १९६२ मध्ये 'मिझर्लू' ही पूर्व भूमध्य सागराकडची जुनी लोकधून विजेच्या गिटारवर सुसाट वाजवली. १९९४ च्या 'पल्प फिक्शन' चित्रपटाने ती पुन्हा जगभर पोचवली. आपल्याकडचे उदाहरण तर त्याहून गमतीचे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतले वादक. गाण्यांच्या धुना वाजवून त्यांनी तबकड्या काढल्या आणि १९८२ मध्ये नव्या विद्युत वाद्यांवर दहा रागांची एक तबकडी केली. ती कोणी विचारली नाही. पुढे हॉलंडच्या एका संग्राहकाला ती भारतात सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि सत्तरी गाठलेल्या या गृहस्थांना युरोपातल्या विशीच्या पोरांसमोर वाजवायला बोलावणी येऊ लागली. २०१५ मध्ये ते वारले, पण आपली तबकडी तरुण झालेली बघून.

तेव्हा तबकड्यांची मला काळजी वाटत नाही. कोणी ना कोणी त्या मोबाईलवर चढवतो आणि मुखेडच्या पोराला त्या पाच सेकंदांत सापडतात. तक्रार असलीच तर एवढी, की वर नुसते 'जुन्या गाण्यांची गिटार' असे लिहिलेले असते. गाणे कोणाचे, वाजवले कोणी, काही नाही. पोराने काढलेली पहिली फीत ऐकून मी सांगितले, हे काझी अनिरुद्ध. तो म्हणाला, कोण? मग त्याला सांगितले, की बंगालचे मोठे कवी काझी नझरुल इस्लाम यांचा हा धाकटा मुलगा. १९४२ मध्ये नझरुल आजारी पडले आणि त्यांची वाचा गेली, स्मृतीही गेली. पुढची चौतीस वर्षे हा हजारो गाण्यांचा कर्ता शब्दावाचून जगला. मुलाने बापाच्या गाण्यांची स्वरलिपी लिहिली आणि ती गाणी गिटारवर, शब्दावाचूनच, वाजवली. मुलगा १९७४ मध्ये गेला, बाप त्यानंतर दोन वर्षांनी. हे ऐकून पोरगा काही बोलला नाही, पण त्याने ती फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

माझा एक गायक स्नेही या साऱ्यावर नाक मुरडतो. त्याचे म्हणणे, हे उसने संगीत. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, तुम्ही फक्त नक्कल करता, आणि नक्कल मेली तर सुतक कशाला? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुष्कळ तबकड्या खरोखर कंटाळवाण्या आहेत, आणि आमच्या बैठकीत त्या मुकाट्याने बाजूला ठेवल्या जातात. पण ज्याला गळा नाही त्याने गाणे आपलेसे करायचे कसे? लग्नातला बँडवाला क्लॅरोनेटवर तेच करतो, सनईवाला तेच करतो. माझ्यासारख्या फाटक्या आवाजाच्या माणसाला त्या पोलादी कांडीने गळा दिला. ही नक्कल असेल तर असो.

काळजी आहे ती हातांची. वाजवणाऱ्या हातांची. हवाईयन गिटार शास्त्रीय संगीतात सुखात आहे. ब्रिजभूषण काब्रा १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीने वाजले, विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक आणले, देबाशिष भट्टाचार्य जगभर वाजवतात. कलकत्त्यात शिकवणारेही आहेत. पण साधी गाणी वाजवणारी, गल्लीतल्या गणपतीत बसणारी गिटार आमच्या मराठवाड्यात शिकायची तर कोणाकडे? मी नांदेडात आणि लातुरात विचारत फिरलो. गिटारचे वर्ग पुष्कळ, सगळे गळ्यात अडकवायच्या गिटारचे. एका वर्गातल्या तरुण मास्तरने माझा बार हातात घेऊन विचारले, "हे काय, कुलपाचा भाग आहे का?" त्याचा राग आला नाही. त्याला ते कोणी दाखवलेच नव्हते.

का दाखवले नाही, या प्रश्नाशी आले की आमच्या बैठकीतला आवाज खाली जातो. तिथे मला माझेच एक प्रकरण सांगितले पाहिजे. माझी मुलगी बाराव्या वर्षापासून माझ्याकडे गिटार शिकत होती. माझ्यापेक्षा तिचा हात मऊ. १९९७ च्या जूनमध्ये ती दहावी झाली, उत्तम गुण मिळाले, आणि त्या काळी मराठवाड्यातले सगळे आईबाप जे करत तेच आम्ही केले. तिला अकरावीला लातूरला पाठवले. ट्रंक भरताना तिने विचारले, "बाबा, गिटार नेऊ?" मी म्हणालो, "दोन वर्षांनी. बारावी होऊ दे." गिटार कपाटावर गेली. बारावी झाली, ती अभियंता झाली, पुण्यात संसार करते, तिचा मुलगा आता नववीत आहे. गिटार कपाटावरच.

त्या जुलैच्या संध्याकाळनंतर मी तिला फोन केला आणि प्रथमच विचारले, तुला राग येतो का. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेव्हा नाही म्हणालात ते बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता येत नाही. पण दोन वर्षांनी तुम्ही परत विचारलंच नाही."

मी बैठकीत हे सांगितले. चारेकशे तबकड्यांचा मालक उठून उगाच पंख्याचे बटण बघू लागला. त्याच्या मुलाचा तबला कुठे आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. नवी पिढी ऐकत नाही असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तबकड्या जिवापाड जपल्या, त्यांना प्लॅस्टिकची वेष्टणे घातली, आणि हात मात्र दहावीच्या उन्हाळ्यात काढून घेतले. या संगीतावर मोबाईलने घाला घातला असे मला आता वाटत नाही. मोबाईल येण्याच्या किती तरी आधी आमच्या घराघरांतली वाद्ये कपाटावर गेली होती, आणि ती आम्ही आमच्या हातांनी, स्टुलावर चढून ठेवली होती.

आणि म्हणून माझे मत, ज्यावर आमच्या बैठकीत अजून वाद चालू आहे, असे की हे संगीत टिकवायचे तर तबकड्यांचे प्रदर्शन भरवून काही होणार नाही. ज्या घरात बार धरता येणारा एक जरी माणूस जिवंत आहे, त्याने कोणाला तरी शेजारी बसवावे. पोर आपले असो की भाडेकरूचे. त्याला गाणी ठाऊक नसतील, तर ती आधी म्हणून दाखवावीत. परीक्षेचा बाऊ मीही केला आहे, त्याची कारणे मला माहीत आहेत. कोरडवाहू शेतीतल्या बापाला डॉक्टरकीची एक जागा म्हणजे काय असते, हे मुंबई-पुण्याच्या लेखकांनी आम्हाला सांगू नये. पण दिवसाची वीस मिनिटे काढल्याने ती जागा जाते, हे मला कोणी पटवून द्यावे.

ऑगस्टात मी स्टूल घेऊन गिटार खाली काढली. तारा गंजल्या होत्या, एक खुंटी अडकली होती. हैदराबादहून तारा मागवल्या. पोराच्या हातात बार दिला तेव्हा त्याने तो तारेवर असा दाबला की गाडीचा ब्रेक लागल्यासारखा आवाज झाला आणि आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली. आता दिवाळीपर्यंत त्याला दोन ओळी सरळ येऊ लागल्या आहेत. रात्री साडेनऊ ते नऊ पन्नास, एक मिनिट जास्त नाही.

बातमी मुखेडला पोचायचीच होती. त्याच्या वडिलांचा फोन आला. "साहेब, पोरगं गिटार शिकायलंय म्हणं." आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती मला रागापेक्षा जड गेली. पुढच्या रविवारी ते स्वतःच आले. दर महिन्याला येतात तसेच, पोरासाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्यासाठी पिशवीभर हिरवी मिरची घेऊन. मी वीस मिनिटांचे सगळे भाषण तयार ठेवले होते. ते ओसरीवर बसले, चहा झाला, आणि भाषणाऐवजी मी गिटार मांडीवर घेतली. तेच साठच्या दशकातले गाणे लावले.

दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला आवाज आला, बारीक, नजर फरशीवर. अंतरा त्यांना पूर्ण पाठ होता. त्यांच्या गावात एकाच्या हॉटेलात रेडिओ होता, तिथे लहानपणी ऐकलेला. पोरगा जिन्याच्या पायरीवर बसून बापाकडे असा बघत होता, जणू ओसरीवर कोणी दुसराच माणूस येऊन बसला आहे.

गाणे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "वीसच मिन्टं ना साहेब? घड्याळ लावून?" मी हो म्हणालो. तोवर पोराने मोबाईलवर मूळ गाणे शोधून लावले होते. अर्धे ऐकले आणि बंद केले.

"गाणं चांगलंय काका. पण तिथं त्या लई घाई करायल्यात. तुमच्यात थांबायला मिळतं."

बाप पिशवी झटकून उठला. म्हणाला, "आधी शब्द पाठ कर. मग बोल."